सणाची आदली रात्र

नरकचतुर्दशीची आदली रात्र. अंगणांत आकाशकंदील लागलेला असतो, मातीच्या किल्ल्यावर मावळे पहाऱ्याला उभे असतात, फराळाचे डबे भरत आलेले असतात आणि माजघरांत एका ओळीनें घातलेल्या अंथरुणांवर पांच-सहा मुलें टक्क उघड्या डोळ्यांनीं पडलेलीं असतात. "झोंपा आतां, उद्यां पहाटे उठायचें आहे," हें वाक्य आजीपासून धाकट्या काकूपर्यंत सर्वांचें म्हणून झालेलें असतें. नऊ वाजतात, साडेनऊ वाजतात. कुजबुज वाढते, कोणी कोणाचें पांघरूण ओढतें आणि शेवटीं एखाद्याच्या पाठींत धपाटा बसतो. मूल रडत रडत झोंपी जातें. वर्षाच्या सणाचा आरंभ असा व्हावा हें कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबास शोभणारें नाहीं. म्हणून या वेळीं या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. झोंप ही आज्ञेनें येणारी वस्तु नव्हे. उभा राहा म्हटलें तर मूल उभें राहील. झोंप म्हटलें तर तें फार तर डोळे मिटील. झुरिक येथील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनीं १९८२ मध्यें असें मांडलें कीं, झोंप दोन गोष्टींच्या मेळानें येते : जागेपणाच्या तासांबरोबर सांचत जाणारी झोंपेची ओढ ही एक, आणि शरीरांतील घड्याळ ही दुसरी. या दोहोंपैकीं एकीलाहि आपला दरारा कळत नाहीं.

यावरून एका नेहमींच्या प्रकाराचा उलगडा होतो. पहाटे चारला उठवावयाचें म्हणून एरवीं साडेनऊला निजणारीं मुलें त्या दिवशीं साडेसातलाच अंथरुणावर घातलीं जातात. परंतु नेहमींच्या निजण्याच्या वेळेआधींचे दोन-तीन तास हे शरीर विशेष जागें असण्याचे तास होत. इस्रायलमधील संशोधक पेरेत्स लावी यांनीं १९८६ मध्यें या काळास झोंपेचा निषिद्ध प्रदेश असेंच म्हटलें. तेव्हां साडेसातला निजवलेलें मूल तळमळतें तें हट्टानें नव्हे. उपाय एकच : वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधींपासून निजणें आणि उठणें दोन्ही रोज पाव पाव तास अलीकडे आणावें, आणि उठल्याबरोबर मुलांना अंगणांतल्या उजेडांत न्यावें. सकाळच्या उजेडानें शरीराचें घड्याळ पुढें सरकतें, तें उपदेशानें सरकत नाहीं.

उजेड जसा सकाळीं उपकारक, तसा रात्रीं अपकारक. मेंदूंतील पीनियल ग्रंथि अंधार पडूं लागला कीं मेलाटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडते. येल येथील आरन लर्नर यांनीं तें १९५८ मध्यें वेगळें काढलें. प्रखर प्रकाशानें हें द्रव्य कमी होतें, आणि मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ व बाहुली मोठी असल्यामुळें त्यांच्या डोळ्यांत प्रकाश अधिक शिरतो. दिवाळींत रोषणाई असावीच. पण जेथें मुलें निजतात त्या खोलीच्या खिडकीवर लुकलुकणारी माळ नसावी, आणि जेवणानंतर त्यांच्या हातीं मोबाईल तर मुळींच नसावा. शांत बसावींत म्हणून तो हातीं देणारे वडीलच पुढें त्यांना झोंप नाहीं म्हणून रागावतात, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

आपल्या आज्या रात्रीं तळपायांना तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीनें घाशीत, तें अनेक वाचकांस आठवत असेल. १९९९ मध्यें स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांस असें आढळलें कीं, हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते उबदार झाले म्हणजे झोंप लवकर लागते. कारण त्या वाटेनें शरीराच्या आंतली उष्णता बाहेर पडते. अभ्यंग पहाटे होणारच आहे. तरी आदल्या सायंकाळीं, निजण्याच्या तास-दीड तास आधीं, मुलांना ऊन पाण्यानें आंघोळ घालावी आणि निजतांना तळपाय चोळावे. खोली मात्र थंड व हवेशीर असावी.

खाण्याविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, लाडवास उगीच दोष देऊं नये. साखरेनें मुलें उधळतात हा समज १९९५ मध्यें अनेक प्रयोग एकत्र तपासले असतां टिकला नाहीं. खरी अपराधी चहा व चॉकोलेट हीं होत. चहांतील कॅफीन निम्में कमी होण्यास मोठ्या माणसाच्या शरीरांतसुद्धां सुमारें पांच तास लागतात. म्हणून दुपारनंतर मुलांना चहा देऊं नये. झोंप यावी म्हणून सर्दीचें औषध पाजण्याची वाईट चाल कोठें कोठें आहे. तें सर्वथा वर्ज्य समजावें. त्यानें कित्येक मुलें उलट अधिक चेकाळतात, आणि मात्रा चुकली तर जिवावर बेततें.

येथवर शरीराचें झालें. परंतु आमच्या मतें मुलांची झोंप उडते ती विशेषेंकरून मनामुळें, आणि त्या मनांत केवळ आनंद नसतो. भीतीहि असते. "झोंपला नाहींस तर पहाटे उठवणार नाहीं," ही धमकी तर घरोघर ऐकूं येते. सर्वांची आंघोळ होऊन, फुलबाज्या उडून गेल्यावर आपल्याला जाग येईल, हें ज्याला सर्वांत मोठें संकट वाटतें त्यालाच आपण तें बोलून दाखवितों, आणि मग तें पोर पहाऱ्याला बसल्यासारखें जागत राहतें. दुसरी भीति याहून खोल आहे. सूर्योदयापूर्वीं जो अभ्यंगस्नान करीत नाहीं तो नरकांत जातो, असें गमतीनें सांगितलें जातें. सांगणारा हंसतो, पण सहा वर्षांच्या मुलाला ती गम्मत कळत नाहीं. नरकासुर मेला आणि बंदींत पडलेल्यांची सुटका झाली, ही या सणाची कथा. तीच कथा भय घालण्याकरितां वापरावी, यासारखा विपर्यास दुसरा नाहीं.

याला उपाय म्हणजे वचन. निजण्यापूर्वीं मुलाजवळ बसून स्पष्ट सांगावें : "पहाटे साडेचारला मी स्वतः तुला उठवीन. तूं उठल्यावांचून पहिली फुलबाजी पेटणार नाहीं." उठवणारा कोण तें ठरलेलें असावें, आजोबा असले तर आजोबा, काका असले तर काका. एकत्र कुटुंबांत सर्वांनीं उठवावयाचें असलें म्हणजे कोणीच उठवीत नाहीं, हें मुलांना ठाऊक असतें. तसेंच उद्यांचीं कामें मुलांकडूनच कागदावर लिहून घ्यावींत : उटण्याची वाटी कोणी धरावी, रांगोळींत रंग कोणी भरावा, शेजारीं फराळाचें ताट कोणी न्यावें. २०१८ मध्यें अमेरिकेंतील बेलर विद्यापीठांत तरुण माणसांवर प्रयोग झाला. पुढचीं कामें पांच मिनिटें लिहून काढणारे, झालेलीं कामें लिहिणाऱ्यांपेक्षां लवकर झोंपी गेले. मुलांचें मनहि असेंच असावें. कागदानें भार घेतला कीं तें मोकळें होतें.

आतां एक गोष्ट पुरुषवर्गास सांगावयाची आहे. त्या रात्रीं मुलांची आई कोठें असते? चुलीपाशीं. चकलीचा शेवटचा घाणा निघेपर्यंत अकरा वाजतात, आणि मधूनच हात पुसत ती माजघरांत येऊन "अजून जागेच!" म्हणून ओरडते. तिच्या ओरडण्यांत राग थोडा आणि थकवा फार असतो. बाहेरच्या खोलींत काका, मामा, वडील गप्पा मारीत बसलेले असतात, आणि त्यांचें हंसणें भिंतीपलीकडे जागणाऱ्या मुलांना हांका मारीत असतें. त्यांपैकीं एकानें उठून दिवा मंद करावा, मुलांमध्यें आडवें व्हावें आणि हळू आवाजांत एखादी ऐकलेलीच गोष्ट सांगावी. नवी गोष्ट नको; पुढें काय होणार या उत्सुकतेनें झोंप पळते. इतरांनीं आवाज उतरवावा. साने गुरुजींच्या १९३५ च्या 'श्यामच्या आई'चीं प्रकरणें एकेका रात्रीचीं आहेत. रात्रीं जवळ बसून गोष्ट सांगणारें माणूस मुलाच्या मनांत किती वर्षें राहतें, हें मराठी घरांना निराळें सांगावयास नको.

अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या अकादमीनें २०१६ मध्यें सहा ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ ते बारा तास, आणि तीन ते पांच वर्षांच्या मुलांस दुपारची झोंप धरून दहा ते तेरा तास सांगितले आहेत. सणाच्या रात्रीं इतकी झोंप क्वचितच मिळते. एका रात्रीनें प्रकृति बिघडत नाहीं. दुपारच्या जेवणानंतर मुलांना तासभर निजवावें म्हणजे झालें. मात्र जें मूल पेंगत आहे त्याच्या हातीं पेटती फुलबाजी देऊं नये. तोंड धुऊन, चार शब्द बोलून, तें नीट जागें झाल्यावरच अंगणांत न्यावें, आणि मोठ्या माणसानें जवळ उभें राहावें.

इतकें करूनहि एखादें मूल जागेंच राहिलें तर त्यास रागावूं नये. "झोंप नको, नुसता पडून राहा, मी आहे येथें," एवढें म्हणावें. आणि पहाटे ज्यानें वचन दिलें त्यानेंच उठवावें; पांघरूण ओढून नव्हे, तर आधीं समई लावून, मग केसांवरून हात फिरवून. मुलें किती झोंपलीं याचा हिशेब दोन दिवसांत कोणाच्या ध्यानांत राहणार नाहीं. आपणांस बोलल्याप्रमाणें उठवलें होतें कीं नाहीं, हें मात्र तीं विसरत नाहींत.