मुरघासाचा वायू : खोकला थांबला म्हणजे सुटलो असं नाही

मका चिकात आलाय, कुट्टी मशीनवाल्यांना फोन सुरू झालेत. मुरघासाची प्रशिक्षणं आता गावोगाव होतात. गूळ किती, मीठ किती, ट्रॅक्टरने दाबायचं कसं, सगळं सांगतात. वायूचं मात्र कुणी काढत नाही. मला हे पटत नाही.

मक्याच्या धाटात नायट्रेट असतं. युरिया जादा पडला किंवा पावसाने ताण देऊन मग एकदम झोडपलं की ते वाढतं, बुडख्याकडे सगळ्यात जास्त. कुट्टी दाबल्यावर काही तासांतच त्यातून नायट्रोजन डायऑक्साईड सुटायला लागतो. पिवळट-तांबूस रंग, ब्लिचिंग पावडरीसारखा वास, हवेपेक्षा जड. पहिले तीन दिवस धोका मोठा, पण तीन आठवडे भरवसा धरू नये. उघड्या बंकरला वारं असतं, तिथं निभावतं. खोल खड्डा आणि बंद खोली, भीती तिथं.

आता खरी गोष्ट. हा वायू पाण्यात पटकन विरघळत नाही, म्हणून नाका-घशाला फार झोंबत नाही. तो सरळ फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. माणूस थोडा खोकतो, चहा पितो, बरं वाटतं म्हणून घरी जातो. आणि 3 ते 30 तासांत त्याला धाप लागते.

असं का? कारण पुढचं नुकसान बरंचसं आपलंच शरीर करतं. जखमेकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांच्याकडे इलास्टेज, मेटॅलोप्रोटीनेज असली एन्झाईम असतात, पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. त्यांचं काम जंतू आणि मेलेला भाग पचवायचं. पण ती फुप्फुसाला ताण देणारे धागेसुद्धा तोडतात. रानडुकराच्या मागं दहा गडी काठ्या घेऊन उसात घुसले की डुकरापेक्षा ऊस जास्त आडवा होतो, तसंच. मग रक्तातलं पाणी हवेच्या बारीक पिशव्यांत झिरपतं. या एन्झाईमला आवरणारं एक प्रथिन यकृत तयार करतं, पण विडी-सिगारेटच्या धुराने तेही दुबळं होतं. आमच्यातले निम्मे गडी विडीवाले, काय बोलायचं!

हे नवं नाही. 1956 मध्येच अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या डॉक्टरांनी सायलो भरणाऱ्यांचा हा आजार नाव देऊन मांडला. मग आपल्याकडे मुरघासाच्या माहितीपत्रकात दोन ओळी का नसाव्यात? कृषी सहायक मंडळींनो, हे तुम्हालाच विचारतोय.

माझं मत सरळ आहे. वायू छातीत गेला असेल तर माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचं आणि निदान एक दिवस नजरेखाली ठेवायचं. डॉक्टरांना नीट सांगायचं की फवारणी नव्हती, मुरघासाचा खड्डा होता. नाहीतर ते औषधाची विषबाधा धरून चालतील. घरी सोडल्यावरही दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा ताप, खोकला, धाप आली तर 'हवा बदलली' म्हणून अंगावर काढू नका. बारीक श्वासनळ्या आतून सुजून बंद होत असतात, स्टेरॉईड द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आणि खड्ड्यात कुणी पडलेला दिसला तर त्याच्यामागं उडी नको. आधी आरडाओरडा करून माणसं गोळा करा. रुमाल बांधून हा वायू अडत नाही.