आजार दुसऱ्यांदा येतो तेव्हा

स्तनातील गाठ कशी ओळखावी, तपासणीला जायला का लाजू नये, याविषयी या सदरात आम्ही पूर्वी लिहिले आहे. या वेळी ज्या भगिनींविषयी लिहायचे आहे, त्या हे सगळे करून बसलेल्या आहेत. ऑपरेशन झाले, केमोची सलाइने झाली, केस गेले आणि पुन्हा आले, घरात शुक्रान्याची नमाज अदा झाली. मग काही वर्षांनी नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले, “एक बायोप्सी करून घेऊ.”

पहिल्या वेळी पुढे काय आहे ते ठाऊक नसते, आणि तोही एक आडोसाच असतो. दुसऱ्या वेळी तो राहत नाही. केमोनंतर तोंडाची चव कशी जाते, नस सापडेपर्यंत हात किती वेळा टोचला जातो, हे तिला पाठ असते. घरचे मात्र उलटा हिशेब करतात. “हिला माहीत आहे सगळे, ही निभावून नेईल.” पहिल्या वेळी नणंदा-जावांनी पाळीपाळीने डबे आणलेले असतात. या वेळी तीच सकाळी सगळ्यांचे डबे भरून हॉस्पिटलला निघते.

इयादतीला येणाऱ्यांचेही तसेच होते. दुसऱ्या वेळी माणसे कमी येतात, आणि येतात तीही निरोप घ्यायला आल्यासारखी. जाताना हात धरून म्हणतात, “कहासुना माफ करना.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण जिला दोन दिवसांनी केमोला जायचे आहे, तिच्या कानाला ते काय ऐकू येत असेल? दुसरे नेहमीचे वाक्य म्हणजे “सब्र कर.” सब्र खराच, पण सब्र म्हणजे तोंड मिटून घेणे नव्हे. मुलाच्या विरहात हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले, हे कुरआनमध्येच आले आहे. त्यांच्या सब्राला कोणी कमी लेखले नाही.

सगळ्यांत जड ओझे मात्र ती स्वतःच उचलते. आपले काय चुकले? गोळी एखाद्या दिवशी राहिली होती म्हणून? गोड खाल्ले म्हणून? कोणाची नजर लागली म्हणून? भगिनींनो, हे मनातून काढून टाका. पहिल्या उपचारातून सुटलेल्या थोड्या पेशी शरीरात वर्षानुवर्षे निपचित राहू शकतात आणि पुढे कधीतरी जाग्या होतात. हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात तर दहा-पंधरा वर्षांनंतरही हे घडू शकते. नीट उपचार घेतलेल्या, नियमित तपासणी करणाऱ्या बायकांनाही होते. हा त्या आजाराचा स्वभाव आहे, तुमचा गुन्हा नव्हे.

‘दुसऱ्यांदा कॅन्सर’ हा शब्द एकच असला, तरी त्याचे अर्थ तीन असतात. घाबरण्यापूर्वी आपला कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. एक, त्याच बाजूला, म्हणजे राहिलेल्या स्तनात, ऑपरेशनच्या जागी किंवा काखेत आजार परत येणे. दोन, दुसऱ्या स्तनात गाठ येणे. ही बहुतेक वेळा पहिल्याशी संबंध नसलेली नवी गाठ असते. तीन, हाड, फुप्फुस, यकृत किंवा मेंदू अशा दूरच्या ठिकाणी पसरणे. पहिल्या दोन प्रकारांत आजार पुन्हा मुळापासून काढण्याच्या उद्देशाने उपचार होऊ शकतात. तिसऱ्यात तो सहसा पूर्ण जात नाही, पण औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, आणि अशा कितीतरी बायका वर्षानुवर्षे घर सांभाळून राहतात.

बायोप्सी पुन्हा कशाला, असे घरात विचारले जाते. कारण गाठीचा स्वभाव बदललेला असू शकतो. पहिली गाठ हार्मोनची गोळी ऐकणारी होती म्हणून दुसरीही ऐकेल असे नाही, आणि औषध त्यावरच ठरते. जुनी फाइल फेकू नका. पूर्वी कोणते औषध किती दिले, रेडिएशन कुठे दिले, हे नव्या डॉक्टरांना हवे असते. केमोतील लाल रंगाच्या औषधाला हृदयाच्या दृष्टीने आयुष्यभराची मर्यादा असते, आणि एकदा रेडिएशन दिलेल्या जागी ते पुन्हा देताना फार विचार करावा लागतो.

इतके सगळे डॉक्टर सांगतील. पण रात्री दोन वाजता जाग येते तेव्हाचे प्रश्न डॉक्टरांना विचारता येत नाहीत, आणि घरच्यांना विचारले तर ते रडू लागतात. त्यासाठी याच वाटेने गेलेली दुसरी बाई लागते. ही गोष्ट एका रुग्ण बाईनेच जगाला दाखवून दिली. अमेरिकेत १९५२ साली टेरीज लासर यांचे स्तनाचे ऑपरेशन झाले. नंतर हात कसा हलवावा, कपड्यांच्या आत काय घालावे, नवऱ्याशी कसे बोलावे, हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नाही. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. काही डॉक्टरांना ते रुचले नाही, तरी त्या थांबल्या नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे काम आपल्याकडे घेतले. ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने ते पुढे अनेक देशांत पोचले.

आपल्याकडे मुंबईत ‘व्ही केअर फाउंडेशन’ ही संस्था १९९४ पासून असे काम करते. तिच्या संस्थापक वंदना गुप्ता स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या आहेत, आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात येणाऱ्या रुग्णांना तिथले स्वयंसेवक भेटतात. त्यांतील पुष्कळ जण कधीकाळी स्वतः याच आजाराचे रुग्ण होते.

अशी सोबत नेमके काय करते, याचे एक उदाहरण आमच्या ओळखीतले आहे. कोकणातल्या एका भाभींना सात वर्षांनी ऑपरेशनच्या जागेजवळ गाठ आली. नवरा आखातात, मुलगी बारावीला. भाभींनी ठरवून टाकले होते, केमो पुन्हा घेणार नाही. डॉक्टरांनी समजावले, भाऊ रागावला, मुलगी रडली. शेवटी केमो देणाऱ्या सिस्टरने शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेला विचारून तिचा फोन नंबर भाभींना दिला. त्या बाईही दुसऱ्यांदा उपचार घेऊन बाहेर पडलेल्या. त्यांनी ‘केमो घ्या’ असे एकदाही म्हटले नाही. इतकेच विचारले, “ताई, मागच्या वेळी सगळ्यांत जास्त कशाचा त्रास झाला?” भाभी म्हणाल्या, “सुईचा.” एका हाताला टोचायचे नाही असे सांगितलेले, दुसऱ्या हाताच्या नसा सापडत नसत, आणि दर खेपेला तासभर तेच चाले. सात वर्षे हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. शिक्षिकाबाईंनी सांगितले की छातीवर कातडीखाली ‘पोर्ट’ नावाची लहानशी डबी बसवून घेता येते, मग हाताची नस शोधावी लागत नाही. डॉक्टरांना विचारून पाहा. भाभींनी विचारले, पोर्ट बसले आणि केमो पूर्ण झाली.

अशी सोबत शोधताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शक्यतो आपल्यासारखाच प्रकार असलेली बाई शोधावी. जिला हाडात आजार आहे, तिला ‘मी दोन वर्षांत ठणठणीत झाले’ असे सांगणारी सोबत उपयोगाची नाही. तिने एकटेपण वाढते. एकमेकींची औषधे बदलायची नाहीत. तिला अमुक काढ्याने बरे वाटले म्हणून आपण आपल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. कोणी उपचार सोडायला सांगू लागली, तर ती सोबत नव्हे. बोललेले तिसऱ्या घरात जाता कामा नये. आणि फोन उचलावासा वाटला नाही तर न उचलण्याची मुभा दोघींना हवी.

एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. कधी सोबतीण आधी जाते. रोज बोलणारा आवाज थांबतो, आणि मागे राहिलेलीला तिच्या दुःखाबरोबर स्वतःची भीतीही भरून येते. म्हणून काही बायका कोणाशी ओळखच नको म्हणतात. त्यांचे ते म्हणणे समजण्यासारखे आहे. पण ज्यांनी असा आघात सोसला, त्यांच्या तोंडून आम्ही ‘ओळख झाली नसती तर बरे झाले असते’ असे ऐकलेले नाही. अशा वेळी घरच्यांनी ‘तुझी कोण लागत होती ती’ असे म्हणू नये. तिच्यासाठी दुवा करू द्यावी, रडू द्यावे.

आता आपल्या घरांतली अडचण. आपल्याकडे ओढणी-बुरख्याखाली केस गेलेले बाहेर कळत नाहीत. आजार लपवणे सोपे जाते, आणि त्याबरोबर एकटे पडणेही. लपवण्याचे कारण बहुधा एकच, “मुलीचे लग्न व्हायचे आहे.” इथे स्पष्ट सांगितले पाहिजे की स्तनाच्या कॅन्सरपैकी ढोबळमानाने पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात. मात्र आईला आजार कमी वयात झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल किंवा मावशी-आजीलाही झाला असेल, तर जनुकांच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. ते कळले तर मुलीची तपासणी वेळेवर सुरू होते. लपवून ठेवण्याने मुलीचे भले होत नाही. रमजान जवळ असेल तर रोज्याचा प्रश्नही आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावा. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

सोबतीण शोधायची कुठे? ज्या हॉस्पिटलात उपचार चालू आहेत तिथे समाजसेवा विभाग असेल तर तिथे जावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रेही तेच समजावून सांगतात. नसेल तर केमो देणाऱ्या सिस्टरला विचारावे. कोण कशातून गेली आहे हे तिला ठाऊक असते. मुंबईत धर्मशाळेत उतरला असाल तर शेजारच्या खोलीत बहुधा अशी कोणीतरी असतेच. गावात मोठी संस्था लागत नाही. दोन बायका आणि आठवड्यातून ठरलेली अर्ध्या तासाची वेळ पुरते. ज्यांना लिहिता येत नाही त्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. धर्म, जात, भाषा एकच असली पाहिजे असेही नाही.

घरच्या पुरुषांना एवढेच सांगणे आहे की ती अर्धा तास दार लावून कोणाशी बोलत असेल, तर कोण, काय, असे विचारू नका. तेवढा वेळ मुले आणि स्वयंपाक सांभाळा. आणि ज्या भगिनी या आजारातून पार झाल्या आहेत, त्यांनी आपला नंबर पुढच्या तपासणीला जाताना सिस्टरकडे देऊन ठेवावा. भाषण करायचे नाही, सल्लाही द्यायचा नाही. “तुम्हाला कशाचा त्रास झाला?” एवढे विचारायचे आणि ऐकायचे. ज्याला आपण इयादत म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?