परका सरडा वसण्याआधी

आपल्या किनाऱ्यावरचा सागरगोटा अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरही वाढतो. तिथल्या बाहिया होंडा बेटावर ‘मायामी ब्लू’ नावाचे दुर्मीळ फुलपाखरू याच झुडपावर अंडी घालत असे. मग हिरवा इग्वाना बेटावर पसरला आणि सागरगोट्याची पालवी फस्त करू लागला. २०१० मध्ये कडाक्याची थंडी पडली. थंडी आणि इग्वाना या दुहेरी माऱ्यापुढे ते फुलपाखरू त्या बेटावरून नाहीसे झाले.

हा सरडा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. फ्लोरिडात आणि पोर्तो रिकोत तो पोचला तो पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून. पिल्लू तळहातावर मावते, म्हणून हौसेने घेतले जाते. तेच पुढे शेपटीसह पाच फुटांच्या वर वाढते, पिंजऱ्यात मावेनासे होते आणि रानात सोडले जाते. मादी एका विणीत डझनावारी अंडी घालते, तीही मातीत खोल बीळ खणून. या बिळांनी फ्लोरिडात कालव्यांचे काठ आणि समुद्रालगतच्या भिंती खिळखिळ्या झाल्या. २०२१ मध्ये तिथे इग्वाना पाळण्यावर बंदी आली, तोवर तो दूरवर पसरला होता.

सिंधुदुर्गातल्या वालावलने याची चिंता का करावी? लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्यालगतचे तळे, भोवतीची झाडी आणि जवळून वाहणारी कर्ली नदी, असे हे गाव. उष्ण, दमट हवा, पाण्याकाठची झाडे, परसातली जास्वंद आणि पपई, म्हणजे इग्वानाला हवे ते सगळे इथे तयार आहे. खाडीकाठच्या गावांत तर खारबंधाऱ्यांवर भातशेती उभी आहे. असा बांध बिळांनी पोखरला गेला, की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. इग्वाना इथे वसलेला नाही, हे आपले भाग्य. मात्र मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानात इग्वाना सापडल्याच्या बातम्या येत असतात. मत्स्यपेट्यांसाठी आणलेले लाल कानांचे परदेशी कासवही असेच सोडून दिल्यामुळे देशातल्या अनेक तळ्यांत पोचले आहे.

परकी जात एकदा रुजली की काय होते, हे कोकणाला रानमोडीने शिकवले आहे. डोंगर आणि काजूच्या बागा व्यापणारे हे झुडूप कितीही तोडले तरी पुन्हा फुटते. ज्या आंबोलीचे नाव मिरवणारी चिमुकली पाल विज्ञानाला २०१८ मध्ये नव्याने कळली, त्या आंबोलीच्या जिल्ह्यात आपले स्वतःचे जीव मोजूनही पूर्ण झालेले नाहीत. त्यांची ओळख पटण्याआधीच त्यांच्या अधिवासात स्पर्धक सोडणे हा अन्याय आहे.

कायदा आता हाताशी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. २०२४ च्या नियमांनुसार इग्वाना बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. केंद्राने हा अधिकार वापरून इग्वानाच्या विक्रीवर बंदी घालावी. नको झालेला प्राणी आणून देणाऱ्याला दंडाची भीती वाटू नये, यासाठी वन विभागाने प्रत्येक तालुक्यात स्वीकृती केंद्र उघडावे. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवहीत परक्या जातींचे स्वतंत्र पान ठेवावे, आणि अनोळखी सरडा दिसताच त्याचे छायाचित्र वनरक्षकाकडे पोचवावे.

एक गोष्ट मात्र ठाम सांगायला हवी. परक्याच्या नावाखाली आपल्या घोरपडीवर काठी पडता कामा नये. ती इथलीच आहे आणि कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. ओळख पटवण्याचे काम वन विभागाचे, कळवण्याचे आपले.

वसलेली जात हटवायला पिढ्या आणि कोट्यवधी रुपये लागतात. येणारी रोखायला जागरूक ग्रामसभा आणि तत्पर वन कार्यालय पुरते. सिंधुदुर्गाला ही संधी आज आहे. ती वालावलसारख्या गावांनी पुढच्याच ग्रामसभेत साधावी.