घर सोडून आलेल्या मुलाला आसरा दिला, तर गुन्हा होतो का?

रात्री नऊनंतर दार वाजतं. बाहेर भाची उभी. वय सतरा, पाठीवर शाळेचं दप्तर आणि त्यात दोन ड्रेस. सोलापूरहून सुरतेला एकटी आलेली. "मावशी, घरी माझं लग्न ठरवलंय. मला परत पाठवू नकोस."

मावशी काय करते? पोरीला आत घेते, जेवू घालते आणि रात्रभर जागी राहते. सकाळी शेजारीण सांगते, "पोलिसांची भानगड होईल, पोरीला गाडीत बसवून दे." दुसरी म्हणते, "कुणाला कळू देऊ नकोस, महिनाभर ठेव." दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले आणि दोन्ही धोक्याचे.

दार उघडणं, जेवण देणं, रात्रीपुरती जागा देणं हा गुन्हा नाही. मूल लपवून ठेवणं मात्र गुन्हा ठरू शकतं. बहुतेक वेळा या दोन्हींत अंतर असतं ते एका फोनचं.

पोलिस याकडे अपहरण म्हणून का पाहतात?

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन' प्रकरणात आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असं धरूनच तपास सुरू करायचा. आदेश चांगल्यासाठीच आहे. त्याआधी अशा तक्रारी नुसत्या 'मिसिंग' म्हणून नोंदवून बाजूला पडत. पण त्याचा अर्थ असा, की वडील सोलापुरात पोलिस ठाण्यात गेले की कागदावर अनोळखी व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा लागतो. मग फोनचे तपशील काढले जातात आणि त्या अनोळखी व्यक्तीच्या जागी मावशीचं नाव येऊ शकतं.

कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला 'कायदेशीर रखवालीतून अपनयन' म्हणतात. (भाषांतर करताना हा शब्द मलाही दोनदा वाचावा लागला होता. ठाण्यात मात्र सगळे 'किडनॅपिंग'च म्हणतात.) भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यांच्या ताब्यातून नेलं किंवा फूस लावून नेलं, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मूल स्वतःच्या मर्जीने आलं, हे इथे पुरेसं उत्तर होत नाही, कारण संमती विचारली जाते ती पालकांची. मावशी, मामा, आजी रक्ताची असली, तरी पालकांनी मूल त्यांच्याकडे सोपवलेलं नसेल तर कायद्याच्या नजरेत ती पालक नसतात.

इथे एक बदल अनेकांच्या लक्षात आलेला नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत या गुन्ह्यासाठी वयाची मर्यादा मुलींसाठी अठरा आणि मुलांसाठी सोळा होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि आता दोघांसाठीही अठरा आहे. म्हणजे दहावीनंतर घरात भांडून निघालेला सतरा वर्षांचा पुतण्या 'मोठा झालाय, राहू दे' म्हणून ठेवून घेतला, तर तोही आता याच कलमाखाली येतो.

मग आलेलं प्रत्येक मूल म्हणजे अपहरण का? नाही. 'एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितलं, की मुलाला 'नेणं' वेगळं आणि स्वतःहून निघालेल्या समजत्या मुलाला सोबत येऊ देणं वेगळं. त्या खटल्यात आरोपी सुटला. पण तुम्ही आधीच फोनवर "तू ये, मी बघते" म्हणाला असाल, तिकिटाला पैसे पाठवले असतील, तर चित्र बदलतं. 'हरियाणा राज्य विरुद्ध राजाराम' या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं, की बळजबरी नसली तरी मन वळवून घराबाहेर काढणं पुरेसं आहे. शिवाय हा बचाव कोर्टात मांडायचा असतो. तिथे पोचेपर्यंत अटक, जामीन, बुडालेली रोजी हे सगळं होऊन गेलेलं असतं.

मूल कुणीतरी पळवून आणलं आहे हे माहीत असताना लपवलं, तर कलम १४२ खाली लपवणाऱ्यालाही पळवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. मुलगी एखाद्या मुलासोबत आली असेल, तर दोघांना खोली देण्याआधी थांबा. अठराखाली तिच्या होकाराला पोक्सो कायद्यात किंमत नाही आणि जाणूनबुजून मदत करणाराही त्यात अडकू शकतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

चोवीस तास

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये घर सोडून आलेलं मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' धरलं आहे. अशा मुलाला कोणीही नागरिक बाल कल्याण समितीपुढे हजर करू शकतो. मूल स्वतःही जाऊ शकतं. मुदत प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांची. कलम ३२ खाली हरवलेलं, सोडून दिलेलं किंवा निराधार मूल ताब्यात आल्यावर न कळवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. स्वतःहून पळून आलेलं मूल या शब्दांत बसतं का, यावर वकील वाद घालू शकतील. तुम्ही त्या वादावर विसंबून राहू नका.

१०९८ वर फोन करा. २०२३ पासून ही सेवा मिशन वात्सल्यखाली राज्य सरकारांकडे सोपवली जात आहे आणि ११२ शी जोडली जात आहे, त्यामुळे धोका असेल तर थेट ११२ लावा. पोलिस ठाण्यात गेलात तर स्टेशन डायरीतली नोंद करून घ्या आणि तिचा क्रमांक व वेळ लिहून ठेवा. उद्या प्रश्न आला, तर तुम्ही लपवलं नाही याचा पुरावा हाच. मुलाचा फोटो आणि नाव व्हॉट्सॲपवर फिरवू नका. अशा मुलांची ओळख उघड करण्यावर कायद्याने बंदी आहे. आणि राहिलंय तोवर घरकामाला किंवा दुकानात जुंपू नका, कारण तिथून वेगळीच कलमं सुरू होतात.

मग तिला परत पाठवतील?

मावशीची खरी भीती ही. कळवलं की समिती पोरीला थेट बापाच्या हाती देईल, या धास्तीनेच लोक कळवत नाहीत. पण समितीने आधी चौकशी करायची असते आणि मुलाचं म्हणणं ऐकायचं असतं. पालकच बालविवाह लावण्याची शक्यता असलेली मुलगी कायद्याने संरक्षणाला स्वतंत्रपणे पात्र आहे. म्हणून पहिल्याच फोनमध्ये 'लग्न ठरवलंय', 'मारहाण होते' हे स्पष्ट सांगा. मारल्याच्या खुणा असतील तर दाखवायला सांगा. सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवा, अंतिम आदेश चार महिन्यांत.

तोवर तिला बालगृहात ठेवलं जाऊ शकतं. मावशीला हे लागतं, "मी आणली आणि तुम्ही अनाथालयात घातलीत" असं वाटतं. वाटणारच. पण तिला तुमच्याकडे ठेवण्याची कायदेशीर वाटही समितीतूनच जाते. समिती तुम्हाला 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता देऊन मूल तुमच्या ताब्यात देऊ शकते. तसा अर्ज पहिल्याच भेटीत लेखी द्या, सोबत आधार आणि राहत्या घराचा पुरावा.

तो आदेश हाती असला, की जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वासाठी अर्ज करता येतो. मंजूर झाल्यास मुलामागे महिना ४,००० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. मंजुरी जिल्ह्याची समिती देते.

सुरतेतल्या मावशीने सोलापूरला जायची गरज नाही. मूल जिथे सापडलं तिथल्या समितीकडे जायचं, म्हणजे सुरतेच्या. प्रकरण मूळ जिल्ह्याकडे पाठवायचं की नाही, हे ती समिती मुलीचं हित पाहून ठरवते. पाठवायचं ठरलं, तर तिला सोबत देऊन नेण्याची व्यवस्था सरकारनेच करायची असते. गाडीभाडं मावशीने भरायचं नाही.