बसवरचं अक्षर घरीच छापा

मॉडेलं बनवणाऱ्या मित्रांशी माझं जुनं भांडण आहे. जपानी किट मागवायचं, महिनाभर जीव ओतून जोडायचं आणि शेवटी त्याच डब्यातली आयती डेकलं चिकटवून मोकळं व्हायचं. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचं पातळ छापील चित्र. ‘पेडणे–म्हापसा’ ही पाटी कुठल्या डब्यात येणार? ती घरीच छापायला हवी.

गेल्या नाताळाला मी गोठ्यासाठी १:४३ मापाची बस केली. (आमच्या गोठ्यात मेंढपाळांच्या मागून बस जाते. ही पपांची परंपरा, बेथलेहेमला विचारू नका.) पहिलं डेकल इंकजेटवर छापलं आणि तसंच पाण्यात टाकलं. शाई सुटली, म्हापसा वाहून गेलं! छापल्यावर क्लिअर लॅकरचे दोन-तीन पातळ हात मारून ते पूर्ण सुकू द्यावे लागतात. लेझरच्या टोनरला पाण्याची भीती नसते. पण घरचा कुठलाच साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक डेकल-कागदावरचं पिवळं अक्षर निळ्या बसवर हिरवट दिसतं. म्हणून पांढरा कागद घ्यायचा आणि अक्षरांभोवती बसचाच निळा छापायचा. तो निळा जुळेपर्यंत माझे तीन कागद गेले.

पंधरा सेंटिमीटरचं अक्षर या मापात साडेतीन मिलिमीटरचं होतं, अनुस्वार तर टाचणीचं टोक. पपा म्हणाले, “तितलें बारीक कोण पळयता गो?”

मी पाहते. म्हणूनच कॉम्प्युटरचा फाँट मला नको होता. पेंटरच्या हातचा ‘श्री’ वेगळाच असतो, त्याला सावली असते, शेपटी असते, कधी शिरोरेषा जरा तिरकी जाते. आता बसवर कापीव स्टिकर लागतात, सगळे ‘श्री’ जुळे भाऊ. डिचोलीकडे २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा कितीतरी टिपर अंगणात उभे राहिले, त्यांच्यावरची अक्षरंही उन्हात उडाली. ती कुणी जपून ठेवली? मी स्टँडवर उभ्या बसचा समोरून फोटो घेतला आणि इंकस्केपमध्ये एकेक वळण गिरवलं, चुकलेल्या वेलांटीसकट.

काचेवर लिहिलेलं होतं ‘श्री भगवती प्रसन्न’. मावशीने गोठा पाहिला आणि विचारलं, “नाताळात देवीचं नाव? सेंट अँथनी लिहायचं होतंस.” सेंट अँथनीवर माझा राग नाही. पण त्या नावाच्या बसने मी कॉलेजला जात नाही. मी रोज भगवतीनेच जाते, कंडक्टर मला सुटे पैसे नसले तरी चढू देतो. दुसरं नाव छापलं असतं तर ती माझी बस राहिली नसती.

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, “वेलांटी चुकलीय बघ.”

ती तशीच आहे, म्हटलं.