स्टेपनी तपासलीत का?

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू आहे. म्हणजे चांदूर बाजारचा संत्रा व्यापारी रविवारी रात्रीही बागवाल्याला पैसे पाठवणार! मग बँकेच्या डेटाबेसने अपग्रेडसाठी सुट्टी घ्यायची कधी? १३ जुलै २०२४ ला, दुसऱ्या शनिवारी, एचडीएफसी बँकेने सिस्टिम अपग्रेडसाठी चक्क साडेतेरा तास राखले होते.

डाउनटाइम कमी करायचा फंडा सिंपल आहे, बॉस: स्टँडबाय! डेटाबेसची जुळी कॉपी ठेवायची. नवं व्हर्जन आधी तिच्यावर चढवायचं. मूळ डेटाबेस तोवर कामावरच. मधले व्यवहार कॉपीत आले, की दोघांची अदलाबदल. काम थांबतं ते तेवढ्यापुरतंच. ओरॅकलमध्ये ही सोय १०जी पासून आहे.

पण रंगीत तालीम मस्ट! न तपासलेली स्टेपनी ऐन रस्त्यात दगा देते, आणि अडकतो तो बागवाल्याचा पैसा. तुमच्या ऑफिसातला स्टँडबाय शेवटचा कधी चालवून पाहिला? सोमवारी विचाराच.