दगडांचे वाचन आणि आपण

‘कलाशाखेच्या विद्यार्थ्याला दगडाशी काय कर्तव्य?’ असे मला पुष्कळांनी विचारले. माझे म्हणणे असे की, खुणा पाहून वस्तू कोणत्या कुळातली हे ठरवणे ही मुळात वाचनाचीच कला आहे.

एन्स्टटाइट जातीच्या अशनींचेच पाहा. २ डिसेंबर १८५२ रोजी उत्तरेत बस्तीजवळ असा एक दगड आकाशातून पडला. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला. तिथे मॅस्केलिन यांना त्यात कॅल्शियम सल्फाइडचे एक नवे खनिज सापडले. त्यांनी त्याला ‘ओल्डहॅमाइट’ हे नाव दिले. दगड आपल्या भूमीवर पडलेला, वाचन मात्र परक्यांचे! पुढे १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत दियोदर तालुक्यात त्याच ‘ऑब्राइट’ कुळातला दगड पडला, आणि या खेपेस त्याची परीक्षा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत झाली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

परीक्षेची रीत सुंदर आहे. दगडाची चकती काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासतात. एवढ्या पातळपणात काळाकुट्ट दगडही बराचसा पारदर्शक होतो. मग ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकात दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांच्या मध्ये ठेवून तबकडी फिरवायची. एन्स्टटाइट करडा-पांढरा दिसतो, आणि त्याच्या चिरा ध्रुवकाच्या दिशेला समांतर आल्या की एकदम अंधारतो. दगडात वाटोळे कण ठसठशीत असतील तर तो फारसा तापलेला नाही. कण पुसट असतील तर बराच तापलेला. मुळीच नसतील आणि सारे मोठे स्फटिकच असतील, तर ऑब्राइटसारखा वितळून पुन्हा गोठलेला. लोह आणि सल्फाइडे मात्र काळीच राहतात. त्यांच्यासाठी वरून प्रकाश टाकावा लागतो. (एन्स्टटाइट हे नाव ‘विरोधक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण हे खनिज सहजी वितळत नाही. भाषेच्या प्राध्यापकांनी याची नोंद घ्यावी!)

आता आपल्या दारातले. दख्खनच्या लाव्हाथरांच्या एका गटाला भूशास्त्रात ‘पोलादपूर’ म्हणतात, त्यावरच्याला ‘आंबेनळी’, त्याहून वरच्याला ‘महाबळेश्वर’. बाहेरचे अभ्यासक ही नावे रोज उच्चारतात. आपण घाटातून एस.टी.ने जाताना खिडकी लावून झोपतो. हे थर नुसत्या काचपट्टीवरून वेगळे काढता येत नाहीत, त्याला रासायनिक पृथक्करण लागते, हे खरे. पण आपल्या काळ्या दगडातल्या पट्टेरी फेल्डस्पारच्या काड्या ज्याने एकदा पाहिल्या, त्याला त्या नसलेला पाहुणा लगेच खटकेल.

तो पाहुणा उद्या सावित्रीच्या खोऱ्यातल्या भातखाचरात पडला तर? ऑब्राइट आतून फिकट असतो आणि त्यात लोह अगदी थोडे, म्हणून लोहचुंबकाची नेहमीची परीक्षा त्याला फारशी लागू पडत नाही. ओल्डहॅमाइट तर पाण्याने नासतो, आणि आपला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. एखादी आजी त्या दगडाला शेंदूर लावील. मी हसणार नाही, निदान दगड जागेवर राहील. पण तो न धुता कोरड्या कागदात गुंडाळून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायचे, हे तिला सांगणार कोण? तिचा नातू आपल्याच वर्गात बसतो.

खर्चाची अडचण सांगितली जाईल. माझी मागणी लहान आहे : भूगोल विभागाला ध्रुवकांचा एक सूक्ष्मदर्शक, आंबेनळी घाटातल्या दगडाच्या चार काचपट्ट्या, आणि महिन्यातून दोन तास, सर्व शाखांना खुले.